आत्याला बोट लागते का?

आमची मोठी आत्या समुद्राकडे कायम पाठ करून बसायची. खरंच सांगते! पालघरकडच्या दांडी गावात आमचं घर किनाऱ्याला इतकं लागून की भरती आली की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. संध्याकाळी वाळूत गप्पांना बसलं की सगळ्या बायकांची तोंडं पश्चिमेला आणि आत्या एकटी पूर्वेकडे तोंड करून. सूर्य बुडताना आम्ही सूर्य बघायचो आणि आत्या आम्हाला बघायची. लहानपणी मला वाटायचं, हिची मान दुखत असेल.

मग एकदा विचारलंच. तर म्हणाली, "त्याच्याकडं बगून काय करू? मना नेला कोनी कदी?"

त्याचं असं झालं होतं. आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. त्यांच्यानंतर माझे बाबा तांडेल. आत्या बाबांपेक्षा मोठी, ताकदीने मोठी, आवाजाने तर फारच मोठी, पण आमच्याकडे मासेमारीच्या होडीत बायका चढत नाहीत. छोटी असताना तिने आजोबांकडे हट्ट धरला. आजोबा म्हणाले, "उद्या नेतो." दुसऱ्या दिवशी ही घट्ट वेणी घालून किनाऱ्यावर उभी, आणि होडी केव्हाच गेलेली! तेव्हापासून ती रुसली. आजोबांवर नाही हां, डायरेक्ट समुद्रावर. पुढे लग्न केलं नाही, आधी आजोबांच्या आणि मग बाबांच्या होडीचे मासे विकले, केस पांढरे झाले, पण घोट्याच्या वर पाणी काही लागू दिलं नाही.

मासे विकायला ती बोईसरला बसायची. तिथे गिऱ्हाईक म्हणजे निम्मे कारखान्यातले, यूपी-बिहारचे. त्यांच्यासाठी आत्याची स्पेशल हिंदी होती. "भैया, लेना हाय तो लेव, सारका सारका दबाव मत. वो क्या आंबा हाय?" आणि भैया हसत हसत घ्यायचा. तिच्यापुढे कोणी जिंकायचंच नाही. फक्त बाबांसमोर एक विषय निघाला की ती गप्प व्हायची, आणि तो विषय म्हणजे होडी.

मला बोईसरलाच नोकरी लागली तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "आत्या, बोल, तुला काय आणू?"

"आनू नको. ने."

"कुठे?"

तिने माझ्याच मोबाईलकडे बोट दाखवलं. मी आदल्या दिवशी तिला अंदमानचा व्हिडिओ दाखवला होता, ते निळंशार पाणी वगैरे. "थय. चार दिवस बस झाले. पन बोट पायजे हां. बोट नसेल तर मना नाय यायचा."

मी उडालेच! एका बेटावरून दुसऱ्या बेटावर मोठी बोट जाते हे तिने व्हिडिओत बरोब्बर हेरलं होतं.

बाबा तर पोट धरून हसले. "ताई, दर्या बगायला एवडी लांब? तो दारात हाय ना आपल्या!" मग म्हणाले, "आनि तू गेलीस तर म्हावरा कोन विकनार?"

आत्या उठली. भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. अष्टमीच्या आसपास पाण्याची ओढ कमी होते, त्याला आम्ही भांग म्हणतो. आमची जाळी त्या ओढीवरच चालतात, त्यामुळे भांगेत मासे नाहीत आणि होड्या किनाऱ्यावर आराम करतात. आत्याचं बोट अष्टमीवर. "म्हावराच नाय तर इकू काय, तुजा डोका?" मी एका हातात कॅलेंडर आणि एका हातात मोबाईल धरून तारखा जुळवल्या. बाबांचं कारण गेलं उडत!

पण बाबांनी जाता जाता खडा टाकलाच. "आनि तुला बोट लागली तर?"

आत्याचा चेहरा पहिल्यांदा पडलेला बघितला मी. कारण हे कोणालाच माहीत नव्हतं, तिला स्वतःलासुद्धा! गाडी लागते तशी बोट लागते, पोट ढवळतं, उलट्या होतात. तांडेलाची पोर, तांडेलाची बहीण, आणि बोट लागली? चिंचणीपर्यंत लोक हसले असते.

"नाय लागली तर?" आत्याने विचारलं.

"तर माज्या होडीत बसवीन तुला," बाबा हसत म्हणाले. "पुढं, नाळीवर."

नाळ म्हणजे होडीचं अगदी पुढचं टोक. आत्या हसत नव्हती. "हरेश, पोरीच्या देखत बोललास हां."

झालं, तयारी सुरू! बॅग कोण भरतंय, आत्या आधी पोट तयार करत होती. बोईसरला जाताना टमटममध्ये मुद्दाम सगळ्यात मागे, उलट्या तोंडाने बसायला लागली. खड्डा आला की डोळे मिटायची आणि मग मला रिपोर्ट, "काय नाय झाला." पालघरच्या मैदानात आनंदमेळा लागला होता, तिथे मला घेऊन गेली. ती मोठी होडी मागेपुढे झुलते ना, कोलंबस, त्यात बसायचं म्हणे. तेही आधी दोन प्लेट भजी खाऊन! मी खालीच उभी राहिले. आजूबाजूची कॉलेजची पोरं किंचाळतायत आणि मधोमध आमची आत्या, पदर खोचून, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखी. पाळणा थांबला तर ही उतरेना.

"आंटी, हो गया, उतरो," पाळणेवाला म्हणाला.

"और एक बार चलाव भैया. मेरेको अबी कुच हुवा नाय."

अशी ती चारदा बसली. शेवटी पाळणेवालाच म्हणाला, "आंटी, आप तो जहाज चलाओ!" घरी येईपर्यंत आत्या हे वाक्य भेटेल त्याला सांगत होती.

निघायच्या दिवशी सगळ्या बायका पोचवायला नाक्यावर. आत्याच्या पिशवीत सुक्या बोंबलाची चटणी आणि पदराच्या गाठीत लवंग. विमानात मी खिडकीला नाक लावून व्हिडिओ काढत होते, आणि ती झोपली! विमान म्हणजे तिच्यासाठी बोटीपर्यंत नेणारी टमटम, बाकी काही नाही.

आणि मग ती बोट! भांग असली म्हणून वारा थोडाच ऐकतो? बंदर सुटलं आणि बोट अशी हलायला लागली की सगळ्यांच्या हातात पिशव्या. मी आत्याकडे बघत होते, आता होतंय, आता होतंय... आणि झालं. मला! तांडेलाच्या पोरीला! आत्याने माझी वेणी मागे धरली, लवंग तोंडात घातली, पाठीवरून हात फिरवत राहिली. "सोड बाय, सोड. लाजू नको." जरा बरं वाटल्यावर मी मान वर केली. एका हाताने मला धरून आत्या समोर बघत होती, समुद्राकडे तोंड करून. असं तिला मी कधी बघितलंच नव्हतं. हळूच त्याला म्हणाली, "उशीर केलास रं."

बेटावर आम्ही पोटभर फिरलो, नारळपाणी प्यायलो, पण तिचं सगळं लक्ष परतीच्या बोटीकडे. तीही ताठ मानेने पार!

घरी पोचलो तेव्हा बाबा किनाऱ्यावर होडी तयार करत होते. भांग सरत आली होती, भरती चढत होती. "काय ताई, लागली का बोट?"

"एकीला लागली. मना नाय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी वाळूकडे बघितलं. बाबा जे हसले! मग डोकं खाजवत म्हणाले, "बरं, बोललो तर बोललो. बसवतो तुला. उद्या..."

"उद्या नाय हरेश," आत्या म्हणाली. "आता."

बाबांचं हसू थांबलं. आजोबांचा तो किस्सा त्यांनाही माहीत होताच. ते पाण्यात उतरले आणि त्यांनी हात पुढे केला. आत्याने विमानाचं लेबल लटकणारी बॅग माझ्याकडे फेकली, साडी खोचली आणि कंबरभर पाण्यातून जाऊन होडीत चढली. थेट नाळीवर! किनाऱ्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्यासुद्धा, कोणाच्या ते सांगत नाही.

मी मोबाईल काढून ओरडले, "आत्या, इकडे बघ! फोटो!"

होडी खोल पाण्याकडे निघाली. तो फोटो अजून आहे माझ्याकडे, त्यात आत्याची नुसती पाठ दिसते. खूप हाका मारल्या आम्ही. ती वळलीच नाही.