मला न्यायला आलेले भावजी

माझे धाकटे दीर अंगानं भरदार, समज मात्र लहान पोराची. मुरुमच्या आमच्या पेठेत त्याचं कुणाला काही वाटत नसे. भीती वाटली की भावजींना हसू येई, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या श्रावणात मी पंचमीला माहेरी गेले होते, लोहाऱ्याच्या बाजूला. रझाकारांच्या धास्तीचे दिवस. गावोगाव वेशीवर पहारा असे, आणि अनोळखी माणूस दिसला की खबऱ्या समजून आधी बडवत, मग विचारत. अशात एका सकाळी भावजी घरी कुणाला न सांगता मला न्यायला निघाले. तेही चालत!

वाटेतल्या एका गावात त्यांना धरलं. पुढचं सगळं तिथल्याच एका बाईनं मला नंतर सांगितलं. पहाऱ्यावरच्यांनी दरडावलं, "कोण रं तू? कुठनं आलास?" भावजी हसायला लागले. जितकं दरडावावं तितकं हसू. एकानं काठी घातली. दुसरा धोंडा शोधू लागला. काखेतलं गाठोडं भावजी सोडेनात, त्यामुळं तर संशय पक्काच झाला. शेवटी ते हिसकावून फेकलं, तेव्हा ही बाई पाणी घेऊन तिथनं चालली होती. गाठोड्यातनं खण, नारळ आणि हळदीकुंकवाच्या पुड्या बाहेर पडल्या. सुनेला न्यायला रिकाम्या हातानं जायचं नसतं, एवढं भावजींनी घरात बघून ठेवलं होतं.

"आरं मुडद्यांनो, खबऱ्या न्हाय ह्यो! कुणाची तरी सून न्यायला निघालाय," ती कडाडली. मग जवळ बसून तिनं हळू विचारलं, "कुणाला आणायचंय, बाबा?"

"वैनीला," भावजी म्हणाले, आणि माझ्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलं.

दुपारी त्या बाईच्या गावची बैलगाडी माझ्या माहेरच्या दारात थांबली. भावजींच्या कपाळाला टेंगूळ, अंगभर चिखल. मी रडतरडत त्यांचे हातपाय चाचपले. सगळं शाबूत होतं. देवा, केवढा जीव भांड्यात पडला माझा!

सोबत आलेला गडी पुटपुटला, "येडा हाय म्हणून आधी सांगायचं की."

माझं डोकंच फिरलं. "कुणी सांगायचं? त्यांनी? मार खाताखाता?"

माझा भाऊ म्हणाला, आता ह्यांना घरात कोंडूनच ठेवा. मी साफ नाही म्हटलं. पेठेत ते मोकळे हिंडत आणि सुखरूप असत, कारण तिथं त्यांना माणसं ओळखत. मग वाटेवरच्या माणसांनीही ओळखायला शिकावं.

आईनं न्यायला आलेल्या पाहुण्याचा मान म्हणून त्यांना फेटा बांधला, आणि आम्ही निघालो. प्रत्येक वेशीशी मी गाडी थांबवायला लावली. डोईवरचा पदर सावरत परक्या पुरुषांना मोठ्यानं सांगितलं, "हे माझे दीर. तोंड नीट बघून ठेवा." नव्या सुनेला हे शोभत नव्हतं, तर नव्हतं.

जिथं त्यांना मारलं होतं त्या गावात काठी घालणाराच पुढं आला. भावजींनी माझा पदर घट्ट धरला. तो खाली मान घालून म्हणाला, "वैनी, कवाबी येऊ द्या त्यास्नी. आमी पुढं सोडाय येऊ."

गाडी हलली, आणि मला भरदिवसा गाढ झोप लागली.