तुला काय करायचंय?

हे गेल्याची बातमी मला येसूनं दिली. हे नगरच्या ज्या दवाखान्यात होते तिथं ती नर्स, लहानपणी ह्यांच्याच वर्गातली. मी अंघोळीपुरती घरी आले होते, तेवढ्यात ती दारात. "बाई, गुरुजी गेलं," म्हणाली आणि माझ्या आधी तीच रडायला लागली. शेवटी त्यांचा हात तिच्या हातात होता. दीड महिना झाला, पण अजून मनात येतं... तो हातसुद्धा अखेर वर्गातल्या पोरीलाच मिळाला. सवतीमत्सर म्हणतात तो माझ्या वाट्याला आला सहा-सहा वर्षांच्या पोरांमुळे. हसायचं तर हसा.

एकोणीसशे चाळीस सालानंतरची गोष्ट. लग्न होऊन मी सुप्याजवळच्या त्या गावात आले, तेव्हा हे पहिलीला शिकवत. मधल्या सुट्टीपर्यंत पाढे, बाराखडी, सगळं रीतसर. सुट्टी झाली की हे पोरांमध्ये मांडी घालून बसत आणि एकेकाला विचारत, "तुला काय करायचंय?" मग पोर बोलेपर्यंत थांबत. जे म्हणेल ते त्यानं स्वतः करायचं, अडेल तिथं स्वतः शोधायचं. कुणी मुंगळे कुठे जातात ते बघत दिवस काढी, कुणी मातीची मोट करून खरंच पाणी शेंदू बघे. एकाचा बाप भांडायला आला, "गुरुजी, पोरगं साळंत धाडलं ते काय मुंगळं राखायला?" हे म्हणाले, "मी न्हाई सांगितलं. त्यालाच इचारा." गावाशी बोलताना हे गावाचंच बोलत. आणि घरी? आज भाजी काय करू, विचारलं तर मान वर न करता, "कर काहीही." पोरांसाठी थांबायला वेळ होता, माझ्यासाठी नव्हता. माझा जळफळाट होई.

एकदा तर येसूला माझ्या चुलीपाशीच धाडलं, तेही मला न विचारता. "बाई, भाकर का फुगती ते मला बघायचंय." मी म्हटलं, "फुगते म्हणून फुगते. जा घरी." ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. जाड थापली तर? गार पाण्यात मळली तर? मुद्दाम चिरली तर? तिला गप्प करायला म्हणून मी तशा भाकऱ्या करून दाखवू लागले आणि कधी रंगून गेले ते कळलंच नाही. चिरलेली भाकरी तव्यावर सपाट पडून राहिली, चिरेतून नुसती वाफ येत होती. येसू ओरडली, "बाई, वाफ पळाली! म्हून फुगली न्हाई!" मी चक्क टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी त्या फसलेल्या कडक भाकऱ्या हे दुधात कुस्करून मुकाट्यानं जेवले, आणि विचारलं काय? "येसूला काय सापडलं?" बोटं माझी भाजली होती. मी उरलेली भाकरी ताटात आपटली आणि आत गेले.

पेन्शनीत निघाल्यावर आम्ही नगरला आलो. एका सकाळी मला राहवलं नाही. "गावच्या पोरांना जन्मभर विचारलंत. मला एकदा तरी?" ह्यांनी स्टूल ओढलं, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवून बसले. "चुकलंच. सांग, तुला काय करायचंय?" आणि थांबले... घाई नाही, नजर दुसरीकडे नाही. मला काही सुचेना. चहा उतू जातोय म्हणत मी पाठ फिरवली. "सावकाश सांग," म्हणाले. त्यानंतर रोज सकाळी हे त्या स्टुलावर येऊन बसत. कशासाठी ते मला ठाऊक होतं. मी भाजी निवडत राही.

परवा येसू आली आणि सहज त्या स्टुलावर बसायला गेली. मी तिला हाताला धरून उठवलं आणि सतरंजी घातली. "इथं बस. त्यावर नको." बिचारीला काही कळलं नाही. ती गेल्यावर मी भाजी घेऊन दाराशी बसले, आणि इतकी वर्षं न सुचलेलं अचानक तोंडातून निघून गेलं.

"अहो, मला तुमच्या पहिलीत बसायचं होतं."