सरहदीचं गेट उघडलं का?

पोतं हातात आलं की ती आधी त्याच्यात तोंड घालायची. कोपरापर्यंत हात आत, मग डोकं आत, आणि आतल्या आत एक लांब श्वास. बाहेर आली की केसांवर भुसा, नाकाच्या शेंड्यावर धूळ. मग त्या पोत्यालाच विचारायची, "कुठलं गाव रं तुझं?"

आमच्या मोंढ्यात बारदाना शिवणारी बाई होती ती. तुम्ही कधी मोंढ्यात माल घेऊन गेला असाल तर अशी एखादी तुम्हीही पाहिली असेल. शेडच्या कडेला फाटक्या पोत्यांचा ढीग, ढिगाच्या पायथ्याशी एक बाई, हातात दाभण, कमरेला सुतळीचा गुंडा. माणसं तिला ओलांडून जातात. मीही तीस वर्षं तसाच गेलो. मी मापाडी, माल काट्यावर घालून मोजणारा. माझं सगळं लक्ष काट्यावर. शाळा चौथीपर्यंत. त्यामुळे जमेल तसं लिहितो.

बाईला वाचता येत नव्हतं. पण पोत्यावर बाहेरची अक्षरं दिसली की ती पोतं घेऊन अडतीतल्या मुनीमाकडे जायची. मुनीम चष्मा कपाळावरून खाली ओढायचा.

"टांझानिया."

"कुठं आलं ते?"

"आफ्रिकेत."

"काय होतं ह्याच्यात?"

"तूर."

"तिथली माणसं तुरीचं वरण खात्यात का?"

"मला काय माहीत, बाई? नसतील खात."

"मग पेरत्यात कावून?"

"तुमच्यासाठी!"

हे ऐकून ती पोतं घेऊन परत ढिगापाशी गेली. संध्याकाळी मी काटा झाकत होतो तेव्हा जवळ येऊन म्हणाली, "मापाडीदादा, आपल्याला कुणी वळखत न्हाई, पाळखत न्हाई, आन् आपल्यासाठी तूर पेरतंय. लई नवल हाय."

मला नवल वाटलं नाही. मी स्पष्ट बोललो. "नवल कशाचं? ती तूर बोटीतून उतरली की आपल्या तुरीचा भाव पडतो. इथला शेतकरी बोंबलतो. त्या पोत्याला पायानं लोटून दे."

तिनं पोतं मांडीवर ओढून घेतलं. "पोत्याला कावून शिव्या देता? ते काय मनानं आलंय व्हय?"

तिच्याकडं अशा पोत्यांचा एक वेगळा ढीग असायचा. ब्रह्मदेशाचं एक, कॅनडाचं एक, आणि बांगलादेशाची बरीच, कारण ताग तिथला. बांगलादेशाचं पोतं ती वासावरून ओळखायची. म्हणायची, ह्याला पाण्याचा वास येतो. मुनीम हसायचा. पण एकदा हमालांनी तिचे डोळे बांधून तिच्यापुढं पाच पोती ठेवली, तर तिनं तिथलीच दोन बरोबर काढून दिली. त्या दिवसापासून हमाल तिला "कष्टमवाली" म्हणायला लागले. सरहदीवर माल तपासतात ना, त्यातली.

आता माझी चूक सांगतो.

माझी बायको गेली. दीड वर्ष होऊन गेलं. तिनं कोपऱ्यात दोन गाठोडी बांधून ठेवलेली. एक जुन्या धड कपड्यांचं, वाकळ शिवायला. दुसरं पुसायच्या फडक्यांचं. कुठलं कशाचं ते तिला माहीत. चाळीस वर्षं तिच्याबरोबर राहिलो, पण ह्या असल्या गोष्टी मी कधी विचारल्या नाहीत. ती गेल्यावर महिनाभरानं घरात बसवेना, म्हणून आवराआवर काढली आणि एक गाठोडं उचलून बाईपुढं टाकलं. "घे, ठिगळांना होईल."

आठ दिवसांनी लेक आली. वाकळ शिवायची म्हणाली. गाठोडं सोडलं तर आत फडकी.

"बाबा, आईचं हिरवं पातळ कुठंय?"

हिरवं पातळ म्हणजे दर वर्षी नारायणगडाच्या जत्रेला नेसायची ते. विरत आलेलं, पण रंग धरून होतं.  चप्पल घातली आणि मोंढ्यात गेलो.

बाई शिवत होती. मी विचारलं. तिचा हात थांबला.

"ते हिरवं? ते तर लागलं की, दादा. मक्याच्या पोत्यांना. आतून ठिगळं लावली. मका बारक्या भोकातनं गळतो."

"सगळं?"

"जेवढं धड होतं तेवढं सगळं."

"तुला फडकं आन् पातळ कळत न्हाई व्हय?" मी ओरडलो. सगळी शेड बघायला लागली.

ती खाली मान घालून म्हणाली, "कळतं. चांगलं कापड हाय म्हणून चांगल्याच पोत्यांना लावलं. रद्दी पोत्याला एक बी तुकडा लावला न्हाई."

 मी तिथंच पोत्यांवर बसलो.

पोती कुठं गेली विचारलं, तर गेवराईच्या ड्रायव्हरच्या ट्रकमध्ये. आणि ट्रक कुठं, तर बंगालकडं. मका बांगलादेशाला चालला होता, तिथल्या कोंबड्यांच्या खाद्याला. माझ्या बायकोनं अंबाजोगाईच्या पलीकडं काही बघितलं नव्हतं. तिचं पातळ देश सोडून निघालं होतं.

बाईनं पदराला हात पुसले आणि चोळीतून तिचा बटनांचा छोटा फोन काढला. ड्रायव्हरला लावला.

"कुठवर गेलास?"

"सरहदीपशी हाय, मावशी. पण गेट बंद हाय. लई मोठी रांग लागलीय."

"कावून बंद?"

"त्यांनी आपला कायतरी माल अडवला, आपण त्यांचा अडवला. मधी आमी अडकलाव."

बाईनं फोन ठेवला. पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. "दादा, गेट उघडलं न्हाई तर ट्रक वापस येतोय. पोती वापस येत्यात."

तेव्हापासून तिचा आणि माझा नेम झाला. दुपारची भाकरी खाऊन झाली की ती फोन लावायची. हॅलो नाही, काही नाही. "गेट उघडलं का?" तिकडून "न्हाई" आलं की माझ्याकडं बघून मान हलवायची, आणि मला बरं वाटायचं.

सगळ्या मोंढ्यात बरं वाटणारा मी एकटाच होतो. बाकीच्यांचे हाल. मका उचलला जाईना, गाड्या भरेनात, हमाल पत्ते खेळत बसलेले. एकानं मला टोमणा मारला, "मापाडीकाका, तुमच्या एका ठिगळापायी दोन देश अडून बसलेत म्हणा की."

"गप बे," मी म्हणालो. पण मनात म्हणालो, बसू देत.

बाईचंही नुकसान नव्हतं. नवा ताग येईना, नवी पोती महागली, म्हणून जुन्या पोत्यांचं शिवणकाम वाढलं. मी म्हणालो, "तुझं तर बरंच चाललंय. गेट बंद तर तुझं दाभण चालू."

"चालतंय," ती म्हणाली. "पण हे बरं न्हाई, दादा. ते हमाल बघा कसे बसलेत. तिकडचे बी असेच बसले असतील."

मुनीमानं एकदा पेपरातून तिला समजावलं. शेजारच्या देशांचे आपसात करार असतात, तुमच्या मालावर आम्ही जकात कमी घेऊ, आमच्या मालावर तुम्ही कमी घ्या, सगळ्यांनी मिळून एक बाजार करायचा, असं बरंच. बाईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे वाटीचं हाय," ती म्हणाली.

"कसली वाटी?"

"शेजारीण वाटीभर भाजी देती. ती वाटी आपण रिकामी वापस देतो का? त्यात कायतरी घालतो, चिमूटभर साखर का हुईना. मग ती परत देती. असंच चालतंय. एकीनं वाटी ठेवून घेतली की बोलणं बंद."

मुनीम म्हणाला, "इतकं सोपं नसतं ते."

"वाटीचं तरी कुठं सोपं असतंय?" बाई म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आमी मागच्या गल्लीत ऱ्हायचो. तुमच्या घरची वाटी किती साल आली-गेली. त्यात मी काय काय घातलं, ठावं हाय का?"

"न्हाई."

"खाल्लं तर तुमीच."

मला खरंच माहीत नव्हतं. ताटात आलेलं मी खाल्लं. बायकोनं केलं असंच समजलो. हिनं माझ्या बायकोशी इतकी वर्षं देवघेव केली आणि मी हिला रोज ओलांडून जात होतो.

मग एक दिवस फोन लावला तर तिकडून आरडाओरडा. गेट उघडलं होतं. हमालांनी पत्ते फेकले. मुनीमानं सगळ्यांना चहा सांगितला. बाईनं फोन कानाला तसाच धरला, माझ्याकडं पाठ केली आणि हळू आवाजात बोलत राहिली. काय बोलली मला कळलं नाही. मी चहा न घेता घरी गेलो.

वीसेक दिवसांनी तो ड्रायव्हर आला. माझ्या हातावर एक बारकं गाठोडं ठेवलं. हिरवं.

त्यानं सांगितलं ते असं. सरहदीवर आपल्या ट्रकच्या पाठीला त्यांचा ट्रक लावतात आणि हमाल पोती इकडून तिकडं टाकतात. तिथं एक पांढऱ्या दाढीचा हमाल होता. बाईनं फोनवर ड्रायव्हरला बजावलेलं, हिरवं ठिगळ दिसलं की सोडू नको. पण ठिगळं आतून. बाहेरून दिसणार कसं? एका पोत्याच्या भोकातून हिरवं डोकावलं, तेव्हा ड्रायव्हरनं ते पोतं अडवलं. हमालाला वाटलं भांडण आहे. ड्रायव्हरनं सरळ बाईलाच फोन लावून त्याच्या कानाला दिला. बाई मराठीत, तो बंगालीत.

"मावशी, तुमी काय बोललात त्याला?" ड्रायव्हरनं विचारलं.

"मी म्हणलं, बाईमाणूस गेलंय. पातळ हाय तिचं."

"त्याला मराठी येत न्हाई."

"मला बी त्याचं कळलं न्हाई. पण तो 'हां हां' म्हणाला."

त्या हमालानं पोत्याचं तोंड सोडलं, थोडा मका बाजूला काढला, सुरीनं हिरवा तुकडा उसवला. मका गळू नये म्हणून स्वतःच्या गमछ्याचा कोपरा फाडून त्या जागी शिवला. बाकीची पोती तोवर त्यांच्या ट्रकमध्ये थप्पीखाली गेली होती. हा एकच मिळाला. आणि देताना त्याच्या कोपऱ्यात त्यानं दोन सुपाऱ्या बांधल्या.

बाईनं तो तुकडा माझ्या हातून घेतला, नाकाला लावला. "मका," ती म्हणाली. "आन् तंबाखू." मग गाठ दाबून बघितली. सुपाऱ्या हाताला लागल्या तशी तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता तसा झाला. "मी म्हणलं न्हवतं का? रिकामी दिली न्हाई त्यानं."

तुकडा लेकीनं वाकळीच्या मधोमध लावला. वीतभर आहे. थंडीत मी तो छातीवर येईल अशी वाकळ घेतो. सुपाऱ्या फोडल्या नाहीत.

माझं काम झालं होतं. बाईचं झालं नव्हतं. "आता आपली पाळी," म्हणायला लागली. त्या हमालाला काय पाठवायचं ह्याचाच घोर. जवारीचं पीठ? आळी पडंल. गूळ? वाटंत पाझरंल. शेवटी तिचं तिनंच ठरवलं. ती मूळची धारूरच्या घाटातली. घाटातल्या सीताफळाच्या बिया पाठवायच्या. "तिकडं पाऊस लई. लागल्या तर झाड हुईल, न्हाई लागल्या तर खेळतील पोरं." सीताफळं खाऊन तिनं बिया धुतल्या, पोत्यावर वाळत घातल्या.

त्या वाळेपर्यंत तिचा खोकला वाढला. सगळा जन्म पोत्यात तोंड घालून गेला होता, छातीत धूळ बसलेली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेली. मी भेटायला गेलतो. खाटेवर इतकीशी दिसत होती. मला म्हणाली, "पाठवल्या का?"

"ड्रायव्हर आला की पाठवतो."

"गेट?"

"उघडं हाय."

"मग उशीर कावून करता?"

आठ दिवसांनी ती गेली.

तिच्या सुनेकडं गेलो. बिया एका डब्यात होत्या. बांधायला कापड मागितलं तर सुनेनं कोपऱ्यातलं एक गाठोडं पुढं केलं. मी हात लावला नाही. "हे कुठलं हाय? वाकळीचं का फडक्यांचं? नीट बघून सांग." तिनं बघितलं. फडक्यांचं होतं. त्यातला एक तांबडा तुकडा घेतला आणि बिया बांधल्या.

ड्रायव्हर दिवाळीनंतर निघाला. गाठोडं त्यानं समोरच्या काचेपाशी ठेवलंय. तो रस्त्यात असतानाच गेट पुन्हा बंद झालं. ह्या वेळी काय कारण, मुनीमालाही नीट सांगता येईना. हमाल पुन्हा पत्ते घेऊन बसलेत. शेडच्या कडेला तिची जागा आहे तशीच आहे, तिचं दाभण खांबाच्या फटीत खोचलेलं. कुणी काढलं नाही.

दुपारची भाकरी झाली की मी फोन लावतो.

"गेट उघडलं का?"

"न्हाई, काका. रांगंत हाय."

"बिया कोरड्या हायत का?"

"हायत की."

"उन्हात ठेवू नको. आन् पांढऱ्या दाढीचाच बघ. दुसऱ्याला देऊ नको."

"बरं."

"उद्या करतो," मी म्हणतो.