कसोटीवर घासलेलं नाणं

आमच्या चांदपाशा चाचांना एक वाईट खोड आहे. हातात चांदी आली की आधी ती कसोटीच्या दगडावर घासायची. जुन्या जालन्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच त्यांची टपरी आहे. तुटलेली जोडवी, पैंजण, निरांजनं डाग देऊन सांधता सांधता चाचांची साठी उलटली, पण खोड काही सुटली नाही. स्वतःच्या लग्नात त्यांनी अजीजुन्निसाचाचींच्या तोड्यांचाही कस पाहिला होता म्हणे. चाची अजून त्यावरून टोमणे मारतात.

गेल्या बुधवारी दुपारी चाचा माझ्या काउंटरशी आले. चेहरा पांढराफटक, मूठ घट्ट आवळलेली.

"देवानंदभाऊ, माझं वाटोळं झालं."

मुठीत शंभर रुपयांचं स्मारक नाणं होतं. नवीन जालन्यातले बियाण्यांचे व्यापारी राधेश्यामशेठ अशी नाणी जमवतात. सकाळी त्यांनी ते छापील कार्डासकट चाचांना आणून दिलं होतं, चौकटीसारख्या गोल चांदीच्या कड्यात बसवायला. 'चांदीचं आहे, सांभाळा,' असं बजावूनही गेले होते. चाचांनी सवयीनं नाण्याची कड दगडावर घासली, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला आणि रेघ हिरवी झाली. म्हणजे तांबं, आणि तेही भरपूर.

"चांदी आर्धीच हाय यात. आता शेठ म्हणतील, चांदपाशानं नाणं बदललं."

"उगाच कशाला म्हणतील?"

"माझ्या अब्बाला म्हणल्ते लोक. पैंजण बदलले म्हणून. बिलकुल खोटं होतं, पण दोन वर्षं दुकानात कुत्रं फिरकलं न्हाई."

मला हसू येत होतं, ते तिथंच गिळलं. चाचांनी नाणं काउंटरच्या काचेवर ठेवलं. शेठ संध्याकाळी येणार होते. चाचांची भीती मलाही लागली. मी कार्ड मागून घेतलं. इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलं होतं: चांदी पन्नास टक्के, तांबं चाळीस, निकेल पाच, जस्त पाच. म्हणजे ही भेसळ टांकसाळीतलीच! निव्वळ चांदी मऊ पडते, म्हणून तांबं घालतात, असं मी समजावायला लागलो.

"ते मला नका शिकवू," चाचा म्हणाले. म्हणजे जिवात जीव आला होता.

"या अल्ला, वाचलो!" म्हणत त्यांनी नाणं उजेडात धरलं आणि तिथंच थिजले. नाण्याच्या कडेला बारीक दाते असतात. त्यातले चार-पाच दगडावर घासून सपाट झाले होते.

नाणी जमवणाऱ्यांना साधा ओरखडा चालत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. न केलेल्या चोरीतून चाचा सुटले होते, पण ही चूक त्यांनी खरोखरच केली होती.

"कड्यात बसवून टाका," मी हळूच म्हणालो. "कड झाकली जाईल. कुणाला कळतंय?"

 चाचा नाणं घेऊन टपरीत जाऊन बसले.

संध्याकाळी शेठ आले तेव्हा मीही तिथं गेलो. कडं तयार होतं, पण नाणं बाहेरच होतं. चाचांनी ते शेठसमोर ठेवलं.

"शेठ, हे दाते मी घासले. कस पाह्यला. आदत हाय."

शेठनी मोबाइल काढला. त्यात नाण्याचे फोटो होते. दोन्ही बाजूंचे, कडेचे चार, आणि एक वजनकाट्यावरचा. सगळे चाचांकडे द्यायच्या आधी काढलेले.  माझं ऐकून चाचांनी कड झाकली असती तर?

"राग नका मानू, चाचा," शेठ ओशाळून म्हणाले. "वडिलांनी घेतलेलं शेवटचं नाणं आहे. कुणाकडे दिलं तरी फोटो काढून ठेवतो."

 लोक आपल्या हाती डोळे मिटून चांदी देतात, असं चाचा चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते.

"जाऊ द्या, बसवा कड्यात," शेठ शेवटी नाराजीनं म्हणाले आणि निघाले.

"थांबा!" चाचा जवळजवळ ओरडलेच. त्यांनी घासलेली कड शेठसमोर धरली. "आता नवीन फोटू काढा. किती दाते गेले ते बराबर मोजा. उद्या त्याहून एक जास्त गेलेला निघाला, तर मंग मी कुठं जाऊ?"