सात मिनिटांचा कॉम्प्युटर

मद्रासेतल्या वेस्ट मांबलमच्या घरात मी एकदा स्वतःच्या हातांनी एक कॉम्प्युटर बांधला. तो इतका तापायचा की आजूबाजूच्या तीन इमारतींतले लोक येऊन आमच्या भिंतीवर पापड भाजून न्यायचे. बायको म्हणते, काहीही सांगू नकोस, एकच पापड होता आणि तोही जळला. मी वाद घालत नाही. या गोष्टीत शेवटी तीच बरोबर ठरते, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर सांगायला जिवावर येतं.

बायको दुकानांची आणि दवाखान्यांची आतली रचना करते. नुंगंबाक्कमच्या एका ऑफिसात सहा वर्षं काढल्यावर तिनं राजीनामा दिला आणि घरून स्वतःचं काम सुरू केलं. निघताना तिचे साहेब म्हणाले होते, "खुर्ची महिनाभर रिकामी ठेवतो. वाटलं तर या परत." ते हे इतक्या मायेनं म्हणाले, की चार दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. महिना संपायला आठवडा उरला असताना तिला पहिलं गिऱ्हाईक मिळालं, वेलचेरीची एक दातांची डॉक्टरीण. बाई पक्की वेलचेरीची, म्हणजे दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या वस्तीतली. तिची पहिली अट अशी, की विजेचं एकही बटण छातीच्या खाली नको, पाणी कधी आत येईल सांगता येत नाही. दुसरी अट, नवा दवाखाना कसा दिसेल त्याची नव्वद सेकंदांची फिल्म हवी, दारातून आत शिरल्यापासून पेशंट खुर्चीत आडवा होईपर्यंत. शनिवारी अकरा वाजता ती आमच्या घरी येऊन बघणार होती. पटलं तर काम बायकोचं. नाही तर सोमवारी नुंगंबाक्कमची खुर्ची होतीच.

असली फिल्म काढायला दांडगा कॉम्प्युटर लागतो. बायको म्हणाली, तयार घेऊ. मी हसलो. ज्या माणसानं हिरवा कंदील दाखवल्याशिवाय या शहरातून एक मोटार बाहेर पडत नाही, त्याच्या घरात तयार कॉम्प्युटर? खरं सांगायचं तर मी कारखान्यात मोटारींची दारं नीट लागतात की नाही ते बघतो. दार आणि चौकट यांच्यातली फट केसाएवढी जरी जास्त झाली, तरी गाडी परत पाठवतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे याच माणसाकडून काय झालं ते बघा.

रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात दोन संध्याकाळी फिरून मी सुटे भाग जमवले. कॅबिनेट म्हणजे बाहेरचा डबा एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्या, प्रोसेसर तिसऱ्या. प्रोसेसर थंड ठेवायला कूलर लागतो. तो मी असा घेतला की दुकानदारसुद्धा दोन हातांनी उचलून देत होता. धातूच्या पत्र्यांचा मनोराच तो, खाली तांब्याचा तळ, त्यात तोंड दिसावं असा लखलखीत. कॅबिनेटमध्ये मावेल का, असं बायकोनं फोनवरून विचारलं. मी तिथल्या तिथे वीत लावून मोजलं आणि मावेल म्हणालो.

घरी आल्यावर कॅबिनेटचं दार लागेना. कूलर बोटभर बाहेर. दिवसभर दुसऱ्यांच्या दारांतल्या फटी शोधणारा मी, माझ्याच दारातून सबंध हात आत जात होता.  बायको नुसती स्वयंपाकघरातून मोजपट्टी घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून परत गेली.

"उघडं राहिलं की वारा लागतो," मी तिच्या पाठीला सांगितलं.

आता घरमालकांची ओळख करून द्यायला हवी. ते खालच्या मजल्यावर राहतात, आम्ही त्यांना मामा म्हणतो. तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज केव्हातरी दक्षिणेत आले आणि येताना बांधून आणलेलं मराठी त्यांनी अजून पुरवून पुरवून वापरलंय. मामा बोलायला लागले, की कुणीतरी जुना खलिता तमिळ चालीवर वाचून दाखवतंय असं वाटतं. पहिल्याच भेटीत त्यांनी ठरवून टाकलं की माझी बायको त्यांच्या घरची लेक आणि मी जावई. त्यामुळे भाडं मी द्यायचं आणि लाड तिचे व्हायचे, अशी व्यवस्था आहे.

पण मामांचं आणि माझं एका बाबतीत फार जुळलं. ते म्हणजे प्लॅस्टिक. आमच्या घराण्यात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढत नाहीत. वडिलांचा टीव्हीचा रिमोट पिशवीत जन्मला आणि पिशवीतच वारला. फ्रिजच्या दारावरचा पापुद्रा पिवळा पडला, त्याला पोपडे आले, पण काढायचा विषय नाही. काढलं की वस्तू जुनी झाली. मामांच्या दिवाणखान्यात पाऊल ठेवलं आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. सोफा प्लॅस्टिकमध्ये. बावीस वर्षं. मद्रासच्या उकाड्यात त्या सोफ्यावर बसलेला पाहुणा उठताना अर्धी कातडी तिथेच ठेवून जातो, पण सोफा आजही दुकानात ठेवण्यासारखा आहे.

बायकोनं स्वतंत्र कामासाठी एक चांगली खुर्ची घेतली होती. तिच्यावरचं प्लॅस्टिक मी अर्थातच काढू दिलं नव्हतं. ती उठली की चर्रकन आवाज व्हायचा आणि ती माझ्याकडे बघायची. मी खिडकीबाहेर बघायचो.

तर कॉम्प्युटर उभा राहिला. मामांनी वर येऊन त्याला कुंकू लावलं, मोगऱ्याचा गजरा घातला, नमस्कार केला. बटण दाबलं आणि तो पहिल्या फटक्यात सुरू झाला. मी कॉलर ताठ केली. बायकोनं फिल्म काढायला लावली. पंखे गरगरायला लागले, मग गुरगुरायला लागले, मग विमान सुटताना होतो तसा आवाज झाला, आणि बरोबर सातव्या मिनिटाला सगळं बंद. सात मिनिटांत दवाखान्याचं दार वीतभर उघडलं होतं.

तो दिवस बुधवार. तो आणि पुढचा असे दोन दिवस मी ज्या विद्वत्तेनं काढले, तिची नोंद कुठेतरी व्हायला हवी होती. पहिला संशय गजऱ्यावर. तो हवा आत घेणाऱ्या जाळीवरच लोंबत होता. काढला. सात मिनिटं. मग विजेच्या दाबावर. पलंगामागच्या प्लगवरून वायर काढून स्वयंपाकघरात नेली, मिक्सर बंद, फ्रिज बंद. सात मिनिटं, आणि दूध नासलं. मग मला शोध लागला, की रॅमच्या पट्ट्या उंच असल्यामुळे मी कूलरचा पंखा पुढून काढून मागच्या बाजूला लावला होता आणि लावताना तो उलटा लागला होता. म्हणजे कॅबिनेटचा पंखा हवा बाहेर ढकलतोय आणि कूलरचा पंखा तीच आत ओढतोय. दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या तोंडावर फुंकत होते. मी तो सुलटा केला आणि बायकोला बोलावलं. आठ मिनिटं चालला.

"बघ, प्रगती आहे," मी म्हणालो.

ती कागदावर काहीतरी मांडत होती. या वेगानं जवळजवळ सत्तर वेळा चालू करावा लागेल, मध्ये दर वेळी तासभर निवायला, म्हणजे शनिवारी अकराला पेशंट जेमतेम स्वागतकक्षात पोचेल, असं तिनं शांतपणे वाचून दाखवलं. मी म्हणालो, मी रजा काढतो आणि सत्तर वेळा बटण दाबतो. त्यावर ती हसली नाही. आमच्याकडे ती हसली नाही, की परिस्थिती गंभीर आहे असं समजतात.

मग तिनं विचारलं, "तो कूलर काढून खाली काय झालंय ते बघू या का?"

हे ती बुधवारपासून विचारत होती. आणि मी बुधवारपासून सांगत होतो, की कूलरला हात लावायचा नाही. तो बसवायला मला दोन तास लागले होते. चार स्क्रू, चारही स्प्रिंगवाले, एक पिळला की दुसरा उडी मारून कपाटाखाली. शिवाय बसलेली वस्तू उचकटायची नाही, असा माझा एक सिद्धांत आहे. तो मी त्याच दिवशी तयार केला होता.

गुरुवारी संध्याकाळी नुंगंबाक्कमहून साहेबांचा फोन आला. ती गॅलरीत जाऊन बोलली. परत आली तेव्हा म्हणाली, "सोमवारी येणार का विचारत होते. परवा सांगते म्हटलं." आणि खुर्चीत बसली. चर्र झालं नाही, इतकी हळू बसली.

त्या वेळी मला पहिल्यांदा माझ्या सिद्धांताची थोडी लाज वाटली. पण कबूल कसं करायचं?

ती सोय तिनंच केली. शुक्रवारी सकाळी सात वाजता दारात मामा. हातात सहाण, तिच्यावर ताजं उगाळलेलं चंदन. मागे बायको, चेहरा असा की हिला काहीच माहीत नाही.

"जावई," मामा म्हणाले, "लेक म्हणते, यंत्रास सूडु झाला आहे." सूडु म्हणजे अंगातली उष्णता. मद्रासेत माणसाला काहीही झालं, तरी आधी सूडु झालेला असतो. "चंदन लावावें. थंड होतें."

मी म्हणालो, मामा, लावा की, डब्याला वरून लावा.

"वरून लावून काय? ज्वर आंत आहे. उघडा."

घरमालकाला आणि तेही सासरेबुवांच्या अधिकारात आलेल्या घरमालकाला नाही म्हणता येत नाही. मी बायकोकडे बघितलं. ती स्क्रूड्रायव्हर पुढे करून उभी होती, दांडा माझ्या बाजूला.

स्क्रू काढले. एक कपाटाखाली गेलाच. कूलर उचलला, उलटा केला, आणि तिघांची डोकी एकत्र खाली झुकली.

तांब्याच्या तळावर एक पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा होता. तापून सुरकुतलेला. प्रोसेसरची उष्णता तांब्यात जावी म्हणून मधे जे मलम लावतात, ते त्या प्लॅस्टिकवर इमानदारीनं पसरलं होतं. आणि मलमाखालून लाल इंग्रजी अक्षरं दिसत होती, बसवण्याआधी हे काढा.

ही अक्षरं मी वाचली नव्हती असं नाही. वाचली होती. पण आमच्याकडे असली वाक्यं सल्ला म्हणून वाचतात. शिवाय तो तळ इतका सुंदर चमकत होता, की त्याला ओरखडा पडेल या कल्पनेनंच माझा हात मागे आला होता. एका प्रोसेसरला मी रेनकोट घालून त्याला म्हणत होतो, घाम का येतो रे तुला?

 मामांनी चष्मा वर केला.

"हें काढायाचें होतें?" त्यांच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. "नव्या वस्तूचें?"

"हो, मामा," बायको म्हणाली.

"मग जावयाची चूक नाहीं. कोण काढेल?"

त्या क्षणी मला या माणसाचे पाय धरावेसे वाटले. बायकोनं मात्र नख लावून पापुद्र्याचं एक टोक सोडवलं आणि एका दमात सरकन ओढलं. मामांनी मान वळवली. मीही वळवली. मग तिनं तळ पुसला, नवं मलम वाटाण्याएवढं लावलं, आणि मी कूलर बसवला. या वेळी अर्ध्या तासात, कारण या वेळी स्प्रिंग ती धरत होती. चंदन मामांनी कॅबिनेटच्या कपाळावर लावलं, वाया कशाला घालवायचं.

आठ वाजता चालू केला. सात मिनिटं झाली. आठ झाली. नवव्या मिनिटाला आम्ही तिघंही श्वास रोखून उभे होतो आणि पंखे शांतपणे फिरत होते. दार पूर्ण उघडलं, पेशंट आत गेला. दिवेलागणीला तो खुर्चीत आडवा झाला. मी हात पाठीशी बांधून म्हणालो, "वाऱ्याची दिशा बदलली तेव्हाच मला वाटलं होतं." बायकोनं चुरगळलेला पापुद्रा माझ्या शर्टाच्या खिशात घातला आणि खिसा थोपटला.

डॉक्टरीण शनिवारी आली, फिल्म तीनदा बघितली, विजेची बटणं मोजली आणि काम देऊन गेली. बायकोनं तिच्यासमोरच साहेबांना फोन लावला आणि त्यांना सांगितलं, की खुर्ची कुणालाही द्या.

फोन ठेवून तिनं स्वयंपाकघरातून कात्री आणली. माझ्या डोळ्यांदेखत तिनं स्वतःच्या खुर्चीचं प्लॅस्टिक टराटरा काढलं, पाठीचं, बैठकीचं, हातांचं. मग टेकून बसली आणि मुद्दाम दोन वेळा उठून बघितलं. काहीच आवाज आला नाही.

मामा आजही सगळ्या वेस्ट मांबलमला सांगतात, की आपल्या चंदनानं यंत्राचा ज्वर उतरला. मला कुणी विचारलं, तर मी हेच खरं म्हणून सांगतो. कॅबिनेटचं दार अजून लागत नाही. तिची मोजपट्टी मी त्याच फटीत ठेवतो.