न वाचता आलेलं 'खूप छान'

'खूप छान' हे दोन शब्द दिसले की मी अजून फोन पालथा घालते. खरंच सांगते.

ब्लॉग मला सुनेनं काढून दिला. दिवसभर माझी बडबड ऐकून तिचे कान किटले असतील. म्हणाली, "आई, हे सगळं लिहीत जा ना." शाळा माझी लवकरच सुटली, पण लिहायची हौस लई. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गॅलरीत बसून फोनवर एका बोटानं लिहायची. वाचणारं कोण? सून, तिची आई, आणि कधीमधी वाट चुकून आलेलं कुणीतरी. मन खट्टू व्हायचं. वाटायचं, भिंतीशीच बोलतेय की काय मी.

खालच्या मजल्यावरची बाई रेसिप्यांचा ब्लॉग लिहिते. तिनं मला एका ग्रुपात घेतलं. तिथला नियम एकच, कुणी लिंक टाकली की बाकीच्यांनी जाऊन कमेंट टाकायची. आपल्याकडं आहेरातला ब्लाउजपीस फिरतो ना, तसं. या घरचा त्या घरी, तिथून तिसरीकडं, शिवत कुणीच नाही. पण तेव्हा मला ते गोड लागलं. चहा पिता पिता कमेंटा वाचायची आणि हुरूप यायचा.

मग माझी थोरली जाऊ गेली. बजाजनगरला राहायची. शेवटी शेवटी तिच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नव्हतं, तरी येसराची आमटी मागितली. मी धान्य, मसाले भाजून येसर दळलं, आमटी केली, डबा घेऊन गेले. तिनं चमचाभर तोंडात घेतली आणि थुंकली. दोन दिवसांनी संपलं सगळं. हे मी रडत रडत लिहिलं. तिचा फोटो टाकायला हात होईना, म्हणून वर वाटीतल्या येसराचा टाकला. आणि सवयीनं लिंक ग्रुपात दिली.

"खूप छान!" "तोंडाला पाणी सुटलं ताई." "मस्तच, उद्याच करून बघते." एकीनं विचारलं, "धण्याचं प्रमाण काय?"

किळस आली मला. तिनं थुंकलेल्या घासावर माशा बसाव्यात, तसल्या दिसल्या त्या ओळी.

जिन्यात खालची बाई भेटली. म्हटलं, "अगं, वाचलंस का तू?"

"अहो मावशी, वाचत बसलं तर कमेंटा कधी टाकायच्या? फोटो बघितला की. येसर झकास दिसत होतं."

"माझी जाऊ मेली गं त्यात."

"अगं बाई! मग वर लिहायचं ना तसं. आम्ही फुलं टाकली असती."

संध्याकाळी पुतणीचा, म्हणजे त्या जावेच्या लेकीचा फोन आला. "काकू, माझ्या आईच्या मरणाला मस्तच म्हणणारी ही माणसं कोण हायेत?"

फोन ठेवला. एकेक कमेंट पुसली, ग्रुप सोडला, आणि साबणानं हात धुतले. फोनला काय घाण लागती का? पण धुतले. मग वाटलं, असंच वाचणार असतील तर लिहायचं कशाला? पुतणीला फोन केला. "पोरी, ते लिहिलेलंच काढून टाकते. ब्लॉगही बंद करते."

ती म्हणाली, "काढू नका. पण तुम्ही चुकीचं लिवलंय. आईला गिळता आली नाय म्हणून ती थुंकली नव्हती. मीठ नव्हतं आमटीत. केवढी वरडली तुमच्यावर, आठवत नाय?"

आठवलं. वरडली होती! "मरतीय म्हणून अळणी चारतीस व्हय?" असं म्हणाली होती. रडण्याच्या भरात माझ्या ध्यानातूनच गेलं होतं.

मी तिथंच बसून ते दुरुस्त केलं. आता त्या लेखाखाली एकही कमेंट नाही, आणि वाचणारे परत तेच तिघंचौघं. खालची बाई अजून लिंक मागते, मी देत नाही. पुतणी मात्र नवीन काही टाकलं की फोन करून भांडते, आणि तिला चूक सापडू नये म्हणून मी नीट आठवून लिहिते.