पाळण्याकडे पाठ करून

बाळ बघायला आलेलं माणूस आधी पाळण्यापाशी जातं, ही जगाची रीत आहे. वाकायचं, नाक कुणाचं आणि कपाळ कुणाचं याचा निवाडा द्यायचा, आणलेलं झबलं उशाशी ठेवायचं, आणि निघता निघता बाळाच्या आईला म्हणायचं, "तू कशी आहेस गं?" तुळजाक्का आल्या त्या थेट माझ्या पलंगापाशी आल्या. त्यांनी खुर्ची ओढली, पाळण्याकडे पाठ केली आणि माझ्यासमोर बसल्या.

"जेवलीस की?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय जेवलीस?"

मला आठवेना. अक्कांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या. बाळाकडे त्यांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. माझी आई साताऱ्याहून बाळंतपणाला आलेली होती. तिला हा धडधडीत अपमान वाटला. बाळाचं तोंडही न बघणारी बाई तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि हे तिनं संध्याकाळपर्यंत वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं.

अड्यारच्या आमच्या इमारतीत अक्का तळमजल्यावर राहायच्या. अभयची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, चेन्नईला बदली झाली तेव्हा आमची मुक्ता दोन वर्षांची होती. एकदा जिन्यात मी तिच्यावर ओरडत होते, तर खालच्या दारातून आवाज आला, "मराठी की?" दारात उंच, ताठ, इस्त्रीच्या सुती साडीतल्या बाई उभ्या होत्या. मनगटावरचं घड्याळ त्यांनी आतल्या बाजूला फिरवलेलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे पूर्वज कधीकाळी राजांबरोबर तंजावरला आले आणि तिथलेच झाले. अक्कांचं मराठी जुन्या वळणाचं होतं आणि तमिळच्या चालीवर चालायचं. 'मला'ला त्या 'मज' म्हणायच्या, 'सगळं'ला 'अस्कं', आणि छान असेल त्याला 'चोक्कट'. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. "पाह्याला पाहिजे मणून वाटलंही नाही," असं त्या म्हणायच्या, आणि त्यात काही खंत आहे असं मला तरी कधी जाणवलं नाही.

दुसऱ्या खेपेला बाळंतपण सोपं जातं म्हणतात. मलाही गेलं. मुलगा झाला, वजन चांगलं होतं, दूध येत होतं. तक्रारीला जागा नव्हती. फक्त मला काही वाटत नव्हतं. दुःख होत होतं असंही नाही. दुःख झालं असतं तर मी रडले असते आणि कुणीतरी विचारलं असतं. बाळ रडलं की मी उठत होते, पाजत होते, दुपटं बदलत होते. ते झोपलं की पंख्याकडे बघत होते. मुक्ता शहाण्यासारखी एका कोपऱ्यात बसायला लागली होती, आणि तिचं शहाणपण बघूनही माझ्या आत काही हललं नाही. सगळे म्हणायचे, "किती शांतपणे निभावतेयस!" आई तर खूशच होती. चेन्नईच्या मे महिन्यात तिनं डिंकाचे लाडू वळले होते. ते ताटात वितळून एकमेकांना चिकटायचे, आणि ती मला चमच्यानं काढून भरवायची. मी खायचे. कशाचीच चव लागत नव्हती, त्यामुळे वादही नव्हता.

अक्का रोज यायला लागल्या. खुर्ची तीच आणि पाठही तशीच. कधी लसूण-मिऱ्यांचं रसम आणायच्या, कधी नुसत्याच यायच्या. एकदा आईनं न राहवून विचारलंच, "अहो, बाळ नाही का बघायचं तुम्हाला?"

"अस्के बाळाला बघाला येतात," अक्का शांतपणे म्हणाल्या. "मी इला बघाला येतें."

आईनं तोंड वाकडं केलं. तिला वाटलं, बाळाला आपली नजर लागेल अशी बाईला भीती असावी. तेवढा अर्थ लावून तिनं अक्कांना माफ करून टाकलं.

बारशाच्या दिवशी मात्र अक्कांनी पुढाकार घेतला. छताच्या कडीला त्यांनी आपल्या जुन्या साडीची झोळी बांधून घेतली. आमच्याकडे बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवतात. आईनं तो धुऊन, हळदकुंकू लावून तयार ठेवला होता. अक्का म्हणाल्या, "आमच्या घरीं दुसरं लेकरू झालं की आधीं थोरलं लेकरू तूळींत घालतात. आई त्याच्या कानांत त्याचं नांव परत सांगटे. मग बाळाचं." तूळी म्हणजे ती झोळी. आईला ही रीत पटली नाही, पण मुक्ता तोवर झोळीत जाऊन बसलीसुद्धा होती. पोटाशी पाय घेऊन, मान वाकडी करून. जमलेल्या बायका हसल्या. अभयनं मोबाइल पुढे धरला.

मी वाकले. तिच्या कानाशी तोंड नेलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता हे मला स्पष्ट आठवतं. आणि मला तिचं नाव आठवेना.

मी वाकलेली तशीच राहिले. बायकांना वाटलं माझं मन भरून आलंय. कुणीतरी पदर डोळ्यांना लावलाही. मला तिच्या नावाच्या जागी काहीच दिसत नव्हतं, आणि भीतीसुद्धा वाटत नव्हती. शेवटी मुक्ताच कुजबुजली, "आई, मुक्ता म्हण."

"मुक्ता," मी म्हणाले.

तिची कुजबुज मागच्या दोघींना ऐकू गेली आणि हशा पिकला. काय बाई चुणचुणीत पोर आहे, असं म्हणत त्यांनी तिला पेढा दिला. अक्का हसल्या नाहीत. मग बाळाचं नाव निशाद ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, माणसं गेली. अक्का मागे थांबल्या. आई स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं.

"मला काहीच वाटत नाही, अक्का," मी म्हणाले. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. "हिच्याबद्दलही नाही आणि त्याच्याबद्दलही नाही. हे असंच राहिलं तर?"

"मज ठाऊक अहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशीं कळलं."

मग त्यांनी मला त्यांच्या रघूची गोष्ट सांगितली. रघू त्यांचा धाकटा मुलगा. थोरला श्रीनिवास झाला तेव्हा अक्का आनंदानं वेड्या झाल्या होत्या. रघू झाला आणि त्यांना काहीच वाटलं नाही. "दूध दिलं. न्हाऊं घातलं. अस्कं केलं," त्या म्हणाल्या. "पण मांडीवर घेऊन उगेच बसलें नाही, कधींच. काम झालं की सासूच्या हातीं द्यायचं आणि एक्स्चेंजला जायचं. लोक मणाले, तुळजा खंबीर अहे. मीही मणालें, असेल." रघू नऊ वर्षांचा असताना त्याला टायफॉइड झाला. त्या आजारपणात एका सकाळी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि अक्कांना एकदम रडू फुटलं. "तेव्हां आलं अस्कं. नऊ वर्षांचं एकदम. पण पोरगं डोळे मिटून मणालं, आजीला बोलाव."

त्यांनी माझी समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, "वाटायचं तें वाटेल. पण वाट बघत बसूं नको. मी बसलें."

त्यांनी संध्याकाळी अभयला खाली बोलावून घेतलं. अभय म्हणाला, थकवा असेल, विश्रांतीनं ठीक होईल. अक्कांनी त्याला विचारलं, "तिला ताप आला असता तर काय केलं असतंस?" अभय म्हणाला, डॉक्टरकडे नेलं असतं. "मग चल," अक्का म्हणाल्या. त्यांनी आधीच वेळ घेऊन ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्याशी सावकाश बोलून घेतलं, बाळंतपणानंतर असा आजार होतो आणि तो बरा होतो असं सांगितलं, पाजताना चालतील अशा गोळ्या दिल्या. बाहेर बाकावर अक्का ताठ बसून होत्या. शेजारच्या बाईनं चौकशी केली तेव्हा, "माझी मुलगी," असं तमिळमध्ये सांगून त्यांनी विषय संपवला.

आई साताऱ्याला परत गेली आणि अक्कांची दुपार आमच्या घरी सुरू झाली. आता त्या खुर्चीवर बसत नसत. जमिनीवर भिंतीला टेकून पाय लांब करायच्या, पायांवर निशादला आडवा घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, "तूं नीज. मुक्ताला कुशींत घे. निजली नाही तरी घे." मी मुक्ताला घेऊन पडायचे. पहिले कितीतरी दिवस माझा हात तिच्या अंगावर नुसता ठेवलेला असायचा. बरी होण्याचा असा एक दिवस मला सांगता येणार नाही. पाऊस सुरू झाल्यावर केव्हातरी निशादची न सुकलेली झबली घरात दोरीवर घालताना मी त्यातलं एक नाकाशी धरलं, आणि बराच वेळ धरून उभी राहिले. अक्कांनी पाहिलं. "चोक्कट," एवढंच म्हणाल्या.

रघूला मी अधूनमधून बघायचे. तो चेन्नईबाहेर आवडी नावाच्या गावी कारखान्यात नोकरीला होता आणि तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहायचा. महिन्यातून एका रविवारी लोकल पकडून यायचा. आईची औषधं आणायचा, बिघडलेला नळ दुरुस्त करायचा, खुर्चीच्या कडेवर बसून कॉफी प्यायचा. अक्का त्याच्याशी मराठीत बोलायच्या आणि तो तमिळमध्ये उत्तर द्यायचा. कर्तव्यात त्याची कसूर नव्हती. तो गेला की अक्का त्याचा पेला लगेच धूत नसत, ओट्यावर तसाच राहू देत. एकदा मी म्हटलं, "अक्का, मला सांगितलंत तसं त्यालाही सांगा ना."

"काय सांगूं? आईला तूं आवडत नव्हतास मणून?" त्या म्हणाल्या. "तें त्याज ठाऊक अहे. पुढचं त्याज ठाऊक नाही, आणि तें आतां मी सांगितलं तर म्हातारी गोड बोलटे मणेल."

मी तो विषय पुन्हा काढला नाही.

अक्का गेल्या वर्षी गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. कुणाला काही करावं लागलं नाही, असं सगळे म्हणाले. श्रीनिवास बेंगळुरूहून आला, रघू आवडीहून आला. रघूनं सगळं नीट केलं. तेराव्याला पंगत उठल्यावर घरचे लोक आत पांगले, आणि मी बाहेरच्या खोलीत रिकामे पेले गोळा करत होते. रघू माझ्याजवळ आला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी इंग्रजीतच बोलला होता. त्या दिवशी तो मराठीत बोलला, एकेक शब्द शोधत.

"तुमच्या लेकराला अम्मा घेत होती मणून श्रीनिवास बोलला."

"हो. रोज दुपारी."

"मांडीवर?"

"पायांवर," मी म्हणाले. "असे पाय लांब करून." तो माझ्याकडे बघतच राहिला, म्हणून मी खाली बसले आणि भिंतीला टेकून, पाय लांब करून दाखवलं. एक हात मानेखाली कसा असायचा तेही दाखवलं. मध्येच निशाद येऊन बघून गेला. तो आता शाळेत जातो. आपली आई पाहुण्यांत अशी का बसलीय हे त्याला कळलं नाही.

"किती वेळ?"

"तो झोपेपर्यंत. झोपल्यावरसुद्धा. त्यांच्या पायांना मुंग्या यायच्या तरी त्याला खाली ठेवायच्या नाहीत."

रघू माझ्यासमोर जमिनीवर बसला. पन्नाशीचा माणूस, डोक्याचा गोटा केलेला. त्याला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं, हे मला दिसत होतं.

"काय बोलायची त्याच्याशीं?"

मी पलंगावर पडलेली असायचे आणि मला सगळं ऐकू यायचं. सुरुवातीला मला वाटलं होतं की अक्कांना वयामुळे विसर पडतोय. नंतर कळलं की तसं नाही, आणि मग मी अभयलासुद्धा कधी सांगितलं नाही.

"फार काही नाही," मी म्हणाले. "एकच शब्द. पुन्हा पुन्हा."

"काय?"

"रघू," मी म्हणाले. "त्या त्याला रघू म्हणायच्या."

आतून कुणीतरी त्याला हाक मारली, गाडीची वेळ झाली म्हणून. तो उठला नाही.

"परत सांगा," तो म्हणाला.

मी परत सांगितलं.